खडकवस्तीला दुसरा शिक्षक

बजाजनगरातून टेम्पो काढला तेव्हा पाण्याची पाळी होती आणि अख्खी गल्ली हंडे घेऊन नळापाशी उभी होती. डबा हातात देताना बायको म्हणाली, "तिथं जाऊन भांडू नका." मी भांडायलाच चाललो होतो.

कन्नडच्या पुढे, घाटाच्या अंगाला खडकवस्ती हे आमचं मूळ गाव. थोरला भाऊ, माझा दादा, तिथेच राहतो. त्याची नात रूपा चौथीत आहे. आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला की पोरीला धड वाचता येत नाही, चार वर्गांना मिळून एकच सर आहेत, आणि पोरांना घेऊन शिक्षणाच्या ऑफिसवर जायचं वस्तीने ठरवलंय. "तुझा टेम्पो पाहिजे, बापू. आन् तुझं तोंडबी पाहिजे."

तोंडावरच मी जगलो. वाळूजच्या कारखान्यांतलं मोडीत निघालेलं लोखंड उचलायचं आणि विकायचं, हा माझा धंदा. शाळा मात्र तिसरीतच सुटली. एका दुपारी आमच्या गुरुजींची पत्र्याची ट्रंक बैलगाडीत चढली, मागोमाग गुरुजी चढले आणि गाडी उताराला लागली. त्यानंतर दोन वर्षं कोणी आलं नाही. वडिलांनी माझ्या हातात शेळ्या दिल्या. पुढचं वाचन मी रद्दीतल्या कागदांवर केलं. गुरुजी शहरात पंख्याखाली बसायला पळाले, असं मी पन्नाशी उलटली तरी म्हणत आलो, आणि म्हणताना दरवेळी माझं डोकं तापायचं.

मिटमिट्याच्या पुढे जिथे ज्वारी असायची तिथे आता चुन्याच्या रेघा आखलेले प्लॉट आहेत. प्रत्येक वळणावर इंग्रजी शाळेची पाटी, पाटीवर टाय लावलेलं गोरं पोर. दौलताबादच्या वेशीत पाण्याचा टँकर आणि असल्याच एका शाळेची पिवळी बस समोरासमोर अडकली होती. वेस अरुंद, मागे कोणीच सरेना. टँकरवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "पहले पानी जाएगा, मामू. पढ़ाई थोडी सूखती है?" बसवाल्याने हसून बस मागे घेतली. मला हसू आलं नाही.

वेरूळला चहाला थांबलो. लेण्यांची गर्दी होती. हॉटेलवाल्याने अर्धाच ग्लास पाणी ठेवलं. मी उरलेलं अर्धं मागितलं तर म्हणाला, "चहा अजून एक घ्या काका, पाणी मागू नका." मी चहा घेतला नाही. पुढे कन्नडपर्यंत दोन्ही बाजूंनी उसाची वाळलेली खोडं आणि चारा छावणीचे मंडप (दुष्काळात जनावरं बांधायची सरकारी जागा) लागत राहिले.

खडकवस्तीत पोचलो तेव्हा शाळा भरत होती. दारात खिचडीचं पातेलं ठेवलेलं. येणारं प्रत्येक पोर घरून आणलेल्या बाटलीतलं अर्धं पाणी त्यात ओतायचं आणि मगच आत जायचं. शाळेला दोन खोल्या. एकीचे पत्रे वावटळीत उडाले ते पुन्हा आलेच नाहीत. म्हणून चारही वर्ग एका खोलीत, चार भिंतींकडे तोंडं करून. सर जागेवर नव्हते. कुठली तरी माहिती ऑफिसला पाठवायची होती आणि मोबाइलला रेंज टेकडीवरच मिळते. ते घामाघूम होऊन उतरले आणि मला बघून आधीच म्हणाले, "मी एकटा काय काय करू, सांगा."

रूपाने मला पुस्तक वाचून दाखवलं. न अडखळता, छान हेल काढून. माझी छाती फुगली. मग मी मधलंच एक पान उघडून दिलं. तिने त्या पानावर बोट ठेवलं आणि पहिलाच धडा पुन्हा म्हटला. तिला सगळं पुस्तक ऐकून पाठ होतं.

"हे मला उशिरा कळलं," दादा म्हणाला. "पुढल्या साली पाचवी, तालुक्याच्या शाळेत. तिथली पोरं हसतील. मग ती जाणार नाय, आन् तिचा बाप तिला ऊस तोडायला नेणार. व्हय का नाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं, सतरंज्या आणि खिचडीचं पातेलं टेम्पोत भरून आम्ही ऑफिस गाठलं. ते कुठलं हे लिहीत नाही. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या, लिंबाखाली चूल मांडली आणि मी पोरांना सांगितलं, "पाढे म्हणा. घसा बसेपर्यंत."

बे एके बे सुरू झालं. बाराच्या पाढ्याला कारकून बाहेर आला. "जरा हळू. साहेब फोनवर आहेत."

"हळू शिकवायला माणूस द्या, मग हळू म्हणतील," मी म्हणालो.

एकोणिसाच्या पाढ्याला साहेबांनी आत बोलावलं. मी तीन शिक्षक, दोन खोल्या आणि एक बोअर मागितली. मला एकच शिक्षक हवा होता, पण एक मागणाऱ्याला काहीच मिळत नाही.

"खोल्यांचं नाव काढू नका, निधी नाही," साहेब म्हणाले. "बोअर आमच्या हातात नाही. आणि भरती बंद आहे. माणूस आणू कुठून?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला दोन द्या."

"शेठ, ही भाजी मंडई आहे का?"

"मंडईत निदान माल तरी दिसतो, साहेब."

ते हसले आणि तिथेच मी ओळखलं की एखादा शिक्षक तरी सुटणार. तासाभराने एकावर आलो. तोंडी नको, कागद हातात पाहिजे म्हणून मी खुर्ची सोडली नाही. कागद आला. प्रतिनियुक्ती (तात्पुरती नेमणूक) असं वर लिहिलेलं. मी शिक्का पाहिला, सही पाहिली, आमच्या वस्तीचं नाव पाहिलं. माल कुठून आला हे आमच्या धंद्यात कोणी विचारत नाही.

दादाने कागद वाचला. "पळसदऱ्याच्या बाई? लई चांगल्या हायत म्हणतात." एवढं बोलून तो मागे पोरांत जाऊन बसला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

सौदा ठरला की माल त्याच दिवशी उचलायचा, नाहीतर समोरचा फिरतो. पळसदऱ्याचा फाटा आमच्या वाटेवरच होता. मी टेम्पो तिकडे वळवला. रूपा केबिनमध्ये माझ्या शेजारी बसली होती. "आबा, बाई आजच येणार?" तिने दोनदा विचारलं.

पळसदरा म्हणजे खोल दऱ्याच्या पलीकडची मूठभर घरं. शाळेची एकच खोली, पण दारापासून कौलापर्यंत अक्षरं रंगवलेली. उंबऱ्याला अक्षर, खिडकीला अक्षर, पाण्याच्या माठालाही. टेम्पो थांबताच एक चिमुरडी पुढे आली आणि टेम्पोवर लिहिलेलं माझं नाव, जोडाक्षरांसकट, एका दमात वाचून मोकळी झाली. रूपाने मान खाली घातली.

बाई तिशीच्या असतील. कागद वाचायला त्यांना वेळ लागला नाही. "मी इथं एकटीच आहे, काका," त्या म्हणाल्या. "पट (मुलांची संख्या) कमी आहे, म्हणून ही शाळा बंद होणार असं चाललंच होतं. तुमच्यामुळे आज झालं."

डोक्यावर हंडा घेऊन एक बाई वाटेतच थांबली होती. "आन् आमची पोरं?"

"खडकवस्तीला पाठवा," मी म्हणालो. "तिकडे आता दोन शिक्षक आहेत."

"पोरींना दरा उतरून? पाठवतो की. तुमची तेवढी आधी पाठवा, आमच्या मागून येतील."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हणालो, इथला माणूस नको, दुसरीकडून द्या. साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, दुसरीकडे गेलात तरी हेच दिसेल. ऑर्डर रद्द करू का?"

मी केबिनकडे पाहिलं. रूपा काचेतून बाईंकडे बघत होती.

"नको," मी म्हणालो.

बाईंचं सामान फार नव्हतं. एक बॅग, एक स्टोव्ह, खडूंचा डबा. तो डबा त्यांनी थोडा वेळ हातात धरला आणि मग अक्षर रंगवलेल्या माठापाशी ठेवून आल्या. मागच्या पोरांनी सरकून त्यांना जागा केली. दादा त्यांच्याकडे न बघता बाहेर बघत राहिला. हंडेवाली म्हणाली, "तुमाला मागता आलं, भाऊ. आमाला तेबी आलं नाय." तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी उत्तर दिलं असतं.

पळसदऱ्याची पोरं उतारापर्यंत टेम्पोमागे आली. सगळी बाईंकडे बघत होती. स्टिअरिंगवर कोण बसलंय, हे एकानेही पाहिलं नाही.

खडकवस्तीत त्या संध्याकाळी बाईंना ओवाळलं. मी जेवलो आणि पहाटेच निघालो. वेरूळला थांबलो नाही. दौलताबादच्या वेशीत पुन्हा टँकर आडवा आला. कोणी सांगायच्या आत मी टेम्पो मागे घेतला.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "भांडलात?"

"नाही. मिळालं."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. रूपा मधलं कुठलंही पान वाचते, असं दादा सांगतो. पळसदऱ्याचं तो काही सांगत नाही आणि मी विचारत नाही. गुरुजी पंख्याखाली बसायला पळाले, असं आता मी म्हणत नाही. त्यांची ट्रंक मला अजून दिसते. तिच्या कडीला बांधलेली सुतळीसुद्धा दिसते. गाडी हाकणारा मात्र कितीही आठवला तरी दिसत नाही. त्याच्याही शेजारी एखादी रूपा बसलेली असेल.