मऊ आवाजाचे वकील

डोळे गेलेल्या माणसाला कोणी किती वाजले असं विचारलं, तर तुम्हाला त्यात काय दिसेल? मला आधी माया दिसली होती.

पेण-रोहा एसटीत हे वकीलसाहेब मला नेहमी भेटतात. बोलताना समोरच्याचा हात हातात घेतात, आवाज कधी चढवत नाहीत. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीचं कोर्टाचं काम बघतात.

परवा माझंही रोह्याच्या कोर्टात काम होतं. कोर्टाबाहेरच्या बाकावर त्या कंपनीतला एक कामगार बसला होता. ॲसिड उडून त्याचे दोन्ही डोळे गेले, पण त्याला दिसत नाही हे कंपनी मानत नाही. साहेब त्याच्याशेजारी टेकले. "काय काका, किती वाजले?"

"तीन झालं असतील. सेकंड शिफ्टची गाडी आताच हॉर्न मारून गेली नाय का?"

आत उलटतपासणीत साहेबांनी तितक्याच मऊपणे विचारलं, "काका, बाहेर भिंतीवर घड्याळ आहे. तुम्ही मला बरोबर वेळ सांगितलीत. हो की नाही?"

"व्हय, पन..."

"बस, काका."

परतीच्या एसटीत मी साहेबांना विचारलं, "हॉर्नचं तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलं की," ते हसले. "पण ते काकांकडून वदवून घेणं त्यांच्या वकिलाचं काम. तू लहान आहेस अजून."

मी जागा सोडली आणि पेणपर्यंत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी कामगाराच्या वकिलाकडे साक्षीसाठी माझं नाव दिलं. त्या बाकाजवळ आणखी चार-पाच जण होते. तुम्ही त्यांतले असाल, तर पुढच्या तारखेला रोह्याला या आणि काकांचं पूर्ण वाक्य सांगा.