तेलाची गाडी

पेट्रोलचा वास आला की मला माझ्या बहिणीच्या पोराच्या स्मारकाचा दिवस आठवतो. तो फौजेत तेलाचा टँकर चालवायचा. आम्हाला आधी वाटलं, खायचं तेल. "एवढं तेल कायले लागते? रोज पुऱ्या तळते का फौज?" असं म्हणून मी हसले होते. बर्फाच्या घाटात चौकीवर डिझेल नेताना तो टँकरसकट दरीत गेला. वर्षानं गावाबाहेर तलावाच्या पाळीवर स्मारक झालं आणि पोरांनी मोटारसायकलींची रॅली काढली. पन्नास-साठ गाड्या एकदम गुरगुरल्या, डफडं कडाडलं, माझ्या अंगावर काटा आला. पण धुरात बहीण खोकत मागेच राहिली. तिच्याशिवायच फीत कापली जाईल, या धास्तीनं ती रडकुंडीला आली. मी सरळ पहिल्या गाडीसमोर उभी राहिले. गाडीवरचा पोरगा ओरडला, "मोठी माय, सरक ना, उशीर होऊन राह्यला!" "ज्या तेलापायी तो गेला, तेच त्याच्या नावानं जाळून राह्यले का रे? बंद करा!" "मग गाड्याचं काय करू?" "ढकला!" एक जण हसला, मग सगळ्यांनी चाव्या फिरवून गाड्या बंद केल्या. सर्वांत पुढे बहीण, मागे घामाघूम पोरं गाड्या ढकलत घोषणा देत होती. तसा जोश मी पुन्हा पाहिला नाही. आता गुडघे गेल्यामुळे मीही नातीच्या स्कूटीवरच बसते. पंपावर मात्र खाली उतरते आणि टाकीचं झाकण लागेपर्यंत चप्पल काढून उभी राहते. नातीला लाज वाटते. वाटू दे.