पिल्लं अक्काच्या खुराड्यात गेली

नव्वदच्या सुरुवातीला वडिलांची बदली बंगळूरला झाली आणि आम्ही येलहंक्याच्या जुन्या वस्तीत राहायला गेलो. मी तेव्हा तिसरीत होते. आई दिवसभर घरात एकटी असायची. कोल्हापूरकडच्या गावात वाढलेली बाई, भाजीवाल्याशीसुद्धा मराठीतच बोलायची. हळूहळू तिने मोजके कन्नड शब्द उचलले. स्वल्प म्हणजे थोडं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. तेवढ्यावर तिचा बाजार चालायचा.

आमच्या परसाला लागून अक्काचं कौलारू घर होतं. ती आईपेक्षा थोडी मोठी, आणि तिला मराठीचा गंध नव्हता. एकदा सायकलला टोपली बांधून कोंबडीची पिल्लं विकणारा आला. दोघी एकदमच बाहेर आल्या आणि खुणांनीच ठरलं की पिल्लं दोघींची. अक्काच्या घरात मांजरांचा वावर, म्हणून लहान असेपर्यंत ती आमच्याकडे राहतील. मोठी झाली की अक्काच्या अंगणातल्या खुराड्यात जातील.

ऊब द्यायला कोंबडी नव्हती. आईने एका खोक्यात भुसा पसरला आणि वर बल्ब टांगला. पिल्लं एकमेकांवर चढायला लागली की ती बल्ब खाली घ्यायची, पांगली की वर. अक्का रोज दुपारी नाचणीची भरड घेऊन यायची. आई मराठीत बोलायची, अक्का कन्नडमध्ये, आणि दोघी कशावरून हसायच्या देवाला ठाऊक. एक पिल्लू लंगडं होतं. आई त्याला तळहातावर घेऊन भरवायची, तर अक्का तिची नक्कल करून दाखवायची. मी शाळेतून आले की आई आधी अक्काचंच काहीतरी सांगायची.

पिल्लांना पिसं फुटली. ती उड्या मारून ओट्यावर जायला लागली, तेव्हा एका रविवारी आम्ही त्यांना टोपलीत घालून पलीकडे नेलं. अक्काने खुराडं झाडून, सारवून ठेवलं होतं. आईचा पाय निघेना. पाण्याचं भांडं इकडचं तिकडे केलं, जाळी हलवून पाहिली, लंगड्याला पुन्हा उचलून घेतलं. शेवटी अक्काने तिच्या हातातली भरडीची वाटी काढून घेतली, तिचा खांदा थोपटला आणि भराभर काहीतरी बोलली. त्यातलं 'साक, साक' एवढंच आमच्या कानांवर पडलं.

आईचा चेहरा उतरला. घरी येऊन म्हणाली, "पुरे म्हणाली मला. पिल्लं तिच्या ताब्यात गेली, आता माझी गरज संपली."

"अगं, तसं नसेल," वडील म्हणाले.

"हातातली वाटी काढून घेतली हो तिने!"

त्या दिवसापासून आई पलीकडे गेली नाही. अक्का कुंपणावरून हाका मारायची, आई काम असल्याची खूण करायची. पुढे कोंबड्या अंडी घालायला लागल्या, तेव्हा अक्का एका वाडग्यात अंडी घेऊन आली. आईने ती दारातच घेतली. अक्का हसून काही बोलायला लागली, आत यायला तिने पाऊलही उचललं, तेवढ्यात आई म्हणाली, "साकु."

अक्काने उचललेलं पाऊल मागे घेतलं. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि गेली. ती परत आली नाही.

पुढच्या वर्षी तिची जागा विकली गेली. टेम्पोत सामान चढलं, कोंबड्याही चढल्या. देवनहळ्ळीकडे तिच्या भावाचं शेत आहे, एवढं कुणीतरी सांगितलं. आई खिडकीतून बघत होती.

"जा ना," मी म्हटलं. ती गेली नाही.

मी सातवीत गेले तेव्हा कन्नडच्या पुस्तकात गाय पाळणाऱ्या म्हातारीचा एक धडा होता. त्यात साकु शब्द आला आणि मी अडखळले. मिसनी सांगितलं, साकु म्हणजे पुरे, आणि साकु म्हणजे पाळणं, सांभाळणंसुद्धा. घरी येऊन मी ते आईला सहज सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले.

"मग ती काय म्हणत होती त्या दिवशी?"

मी त्या दोन 'साक'वरून अंदाजाने वाक्य जुळवलं. नीवु साकिद्री, इन्नु नानु साक्तीनि. "तुम्ही सांभाळलंत, आता मी सांभाळते, असं असेल."

आईने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली. "आणि मी तिला दारातून परत पाठवलं," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी वडील आम्हाला बसने देवनहळ्ळीला घेऊन गेले. किल्ल्याजवळच्या चहाच्या दुकानात आम्ही चौकशी केली. येलहंक्याहून आलेली बाई, भावाच्या शेतावर राहते, कोंबड्या पाळते.

"नाव काय?" दुकानदाराने विचारलं.

आईला नाव माहीत नव्हतं. आम्ही तिला अक्काच म्हणत आलो होतो, आणि तिथे तर प्रत्येकच बाई कुणाची ना कुणाची अक्का. कुणीतरी एका मळ्याकडे बोट दाखवलं. आम्ही उन्हातून तिथवर गेलो, तर तिथे दुसरीच बाई निघाली. तिने आम्हाला सावलीत बसवलं, पाणी दिलं. आई मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तिलाच सांगत बसली, अक्का कशी दिसायची, कशी नकला करायची. ती बाई बिचारी ऐकून घेत होती.

बसस्टॉपवर वडील म्हणाले, "पुन्हा येऊ. आणखी दोन गावं बघू."

आई हो म्हणाली. पण त्याच वर्षी आम्ही जे. पी. नगरला राहायला गेलो, ते पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि देवनहळ्ळीला पुन्हा जाणं झालंच नाही.