पहिलं पाणी

"पहिलं पाणी प्यायचं नसतं, कंट्रोलर. ते पानाला जागं करायला," असं म्हणून माझे शेजारी मातीच्या चिमुकल्या किटलीतलं पाणी खुशाल वाडग्यात ओतून टाकत. निवलं की ते पाणी गडग्यालगतच्या त्यांच्या मोगऱ्याला जाई. चहाचं पाणी कोणी टाकून देतं का? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा जीव हळहळला.

मी एसटी स्टँडवरचा निवृत्त कंट्रोलर. ते जहाजावरचे निवृत्त स्वयंपाकी. आमच्या दोन अंगणांमध्ये जांभा दगड रचलेला कमरेएवढा गडगा. दुपार कलली की ते किटलीचं झाकण त्या गडग्यावर टकटक वाजवत, की मी निघालोच.

चहाचं नाव ऊलाँग. तैवानच्या बंदरात त्यांना त्याची चटक लागली होती, आणि आता बोटीवरचा भाचा आणून देई. वाटाण्याएवढ्या हिरव्या-काळ्या गोळ्या. दूध नाही, साखर नाही, आणि कप तर भातुकलीतले.

"हे काय, तीर्थ?" मी विचारलं होतं.

"घोट घ्या नि गप बसा."

सुरुवातीला मला ते गवताचं पाणी वाटलं. मग एकदा घोट गिळल्यावर मागाहून घशात गोडवा आला आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो.

घाई त्यांना खपायची नाही. उकळी मोडल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, आणि तीच पानं पुन्हा पुन्हा वापरायची. "पान पुरतं उघडल्याबिगर टाकायचं नाय. पाप लागतं." गोळी उलगडून अख्खं पान झालं की ते बोटावर घेऊन मला दाखवत, नातवाचा फोटो दाखवावा तसे.

आम्ही दोघेही विधुर, मुलं पुण्या-मुंबईला. माझ्या मुलाने पुण्याच्या घरात माझ्यासाठी वेगळी खोली केली आणि मला न्यायला आला. त्या दुपारी शेजाऱ्यांनी माझं मनगट धरलं. "आपण दोघं हितंच. मी नाय जायचा, तुम्ही नाय जायचं. ठरलं?" ठरलं. मुलगा दुखावून परत गेला. त्या खोलीत आता त्याचे सासरे राहतात.

मागच्या थंडीतली गोष्ट. त्यांनी पहिल्याच कपानंतर पानं मोगऱ्याच्या आळ्यात ओतली. गोळ्या अजून अर्ध्या मिटलेल्या होत्या.

"आज इतक्यातच?"

"आज पान दमलंय," ते म्हणाले. मग किटली धुतली आणि पंच्याने कोरडी केली. उठताना मी नेहमीसारखं "येतो" म्हटलं. एरवी ते "या हो" म्हणत. त्या दिवशी नुसती मान हलवली. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून बांगडे घेऊन आलो, तर त्यांच्या दाराला कुलूप आणि गडग्यावर चहाचा डबा. समोरून दूधवाली येत होती.

"तुमाला नाय म्हाईत? लेकीकडं गेले मुंबयला, कायमचे. म्हयनाभर सामान बांधीत होते." मग जीभ चावून म्हणाली, "तुमाला बोलू नका म्हनाले होते, सगळ्यांना."

म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. आत खोकी भरली जात होती आणि बाहेर मी घशातला गोडवा शोधत बसलो होतो. जन्मभर मी गाड्या सुटायची घोषणा केली. शेजारची गाडी मात्र मला न सांगता सुटली. माझा इतका अपमान कोणी केला नव्हता.

मी फोन लावला. त्यांनीच उचलला.

"तुम्हाला सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता, कंट्रोलर."

"मग सांगायचं होतं!" मी ओरडलो आणि फोन ठेवला. त्यांचे फोन येतात. मी उचलत नाही.

त्या संध्याकाळी रागाने तो चहा दूध, साखर, आलं घालून खळाखळा उकळला. भयंकर लागला. किटली ते घेऊन गेलेत, म्हणून आता स्टीलच्या तांब्यात करतो, पण नीट करतो. माणसावर रागावता येतं, जिभेला कोण समजावणार?

त्यांचा मोगरा सुकायला लागलाय. त्याला थेंबभर पाणी घालायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. फक्त पहिलं पाणी, जे प्यायचं नसतंच, तेवढं निवलं की गडग्यावरून पलीकडे ओततो.