म्हशीच्या पाठीवरचं ब्लँकेट

परवा ट्रंकेतलं जुनं खाकी ब्लँकेट उन्हात टाकलं. डांबरगोळ्यांच्या वासाआडून मला आमच्या मेढ्याकडच्या गोठ्याचा वास आला.

पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. वडील मिलिटरीत खेचरं सांभाळायचे. मागच्या रजेत त्यांनी हे ब्लँकेट आईसाठी आणलं होतं. त्या पौषात आमची म्हैस व्याली. सकाळी दव गोठून गवत पांढरं पडायचं. आईनं म्हशीच्या पाठीवर ब्लँकेट टाकलं आणि पोटाखालून सुतळीनं बांधलं.

नेमके त्याच सकाळी वडील रजेवर आले आणि गोठ्याच्या दारातच थबकले.

"आवं, धुऊन ठेवीन मी," आई घाईनं म्हणाली. "म्हस लय कापत हुती."

आता ते ओरडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी सुतळी सोडून सैल बांधली.

"एवढं आवळू नगं, पोटाला काचंल. तिकडं बर्फात आमी बी आदी खेचरांवर झूल टाकतो, मग आपलं बघतो."

आई हसली. तेव्हा मी म्हशीकडंच बघत होते. आता मात्र डोळ्यांपुढं येते ती तिच्या शेजारी काखेत हात घालून, नुसत्या लुगड्यावर कुडकुडत उभी असलेली आई.