पोळपाटाचे घड्याळ

माझ्या थोरल्या मामांनी घरी केलेले लाकडी घड्याळ नागावच्या वाडीत प्रथम चालले ते १९३० च्या आगेमागे, दिवाळीनंतरच्या एका सोमवारी. त्याआधी नागावात घड्याळे नव्हती असे नाही; पण ती सगळी विकत आणलेली होती. घड्याळ घरी करता येते हे अख्ख्या पंचक्रोशीत फक्त मामांनाच खरे वाटत होते.

कारण पाण्याचे होते. वाटण्या झाल्यावर मामा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात विहीर आणि रहाट सामाईक राहिले. सकाळचे पाणी थोरल्यांचे, दुपारनंतरचे धाकट्यांचे. एका उंच माडाची सावली विहिरीच्या कठड्याला लागली की पाळी बदलायची. तो माड वादळात पडला आणि भाऊ भांडू लागले. दोघांचीही सुपारी सुकू लागली. बोलणे तर बंदच झाले. मी सुचवले, अलिबागहून घड्याळ आणा. मामा म्हणाले, "ती बंद डबी. धाकटा म्हणेल, काटा फिरवला. चाकं उघडी दिसली पाहिजेत."

मग मामांना चाकाशिवाय काही दिसेना. दुसऱ्याच्या वाडीत शिरून ते चालता रहाट थांबवीत आणि त्याचे दात मोजीत. "काका, रेडा थांबला का परत चालत न्हाय!" असे तो वाडीवाला ओरडे, मामा पुन्हा पहिल्या दातापासून सुरुवात करीत. चाकाच्या कडेचे सारखे भाग पाडण्याची त्यांची रीत अशी, की माडाच्या पातीची पट्टी कडेभोवती गुंडाळायची आणि नेमकी कापून दुमडत जायची. अर्ध्याचे अर्धे, त्याचे अर्धे. त्यामुळे त्यांच्या चाकांना दात सोळा, बत्तीस नाहीतर चौसष्ट. साठ कधी जमले नाहीत, म्हणून मिनिटकाटा लावलाच नाही. "पाण्याला मिनिटं कशाला?" पहिली दोन चाके फणसाच्या ओल्या लाकडाची होती, ती तडकली. तिसरे सुकलेल्या सागाचे, एकसंध आणि गोल निघाले. मामींनी पापडाच्या दिवशी पोळपाट शोधला तेव्हा तो भिंतीवर होता. "अहो, ह्याला दात फुटलेत!" त्या म्हणाल्या. मामा कानस थांबवून म्हणाले, "चौसष्ट."

घड्याळ चालले. दोरीला दगड, खाली लंबक, वर एकच काटा. धाकटे मामा अंगणात उभे राहून बघून गेले, हरकत घेतली नाही. पौषात मात्र ते पायऱ्या चढून ओटीवर आले. इतक्या दिवसांत ते प्रथमच बोलले.

"दादा, तुझं घड्याळ तुझ्या पाळीला घोरतं आणि माझ्या पाळीला पळतं. चाकं उघडी ठेवून लबाडी केलीस."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मामा घड्याळासमोर बसून राहिले. लंबक जेमतेम हलत होता. ऊन ओटीवर आले तसा तो मोकळा झाला. त्यांनी सावलीतल्या चाकाच्या कण्याला बोट लावले, बोटाला पांढरे लागले. रहाटाच्या कण्याला घालतात तेच खोबरेल त्यांनी चाकांना घातले होते, आणि थंडीत ते थिजत होते.

"केसांच्या तेलाची वाटी मी रोज उन्हात ठेवते," मामी म्हणाल्या, "ती दिसली नाही का कधी?"

मामा तडक समोर धाकट्या मामांच्या घरात गेले. मी मागोमाग होतो.

"चूक माझी. सकाळचं पाणी आजपासून तुझं. घड्याळ पण तुझ्या ओटीवर लाव."

"रोज दगड वर कोण ओढणार? मला नाही यायचं ते."

"मी येईन."

"मग चहा घेऊन जात जा. उगाच लोक काही म्हणायला नकोत."

मामा रोज जाऊ लागले. कणे पुसून कोरडे केले होते. पावसाळ्यात लाकूड फुगून घड्याळ अडकले. तेव्हा झाडांना पाणीही लागत नव्हते, पण मामा दगड बघायला म्हणून जातच राहिले. अशी सहा-सात वर्षे गेली.

मामा एका माघात वारले. त्यानंतरच्या चैत्रात मी नागावला गेलो. सकाळची वेळ होती, पाळी धाकट्या मामांची. ते स्वतः रहाटावर होते. पाणी मामींच्या सुपारीत जात होते.