बोऱ्यांची हजेरी

शामकलाबाईंना मोजण्याची खोड होती, आणि ती त्यांना सरकारनं लावली होती. येरंडटोल्याच्या अंगणवाडीत त्या सेविका. पोरांची वजनं, खिचडीचे तांदूळ, लसीच्या तारखा, सगळं रजिस्टरात जायचं. "पोट्टं समोर नाचून राहिलं, पन रजिस्टरात नाव नाही, त सरकार म्हनते पोट्टंच नाही," असं त्या नव्या मदतनीस बाईला पहिल्याच दिवशी बजावत. अंगानं काटकुळ्या, तोंडानं फटकळ, आणि आकड्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सूट न देणाऱ्या.

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि 'जिल्हा भंडारा' असं छापलेली पाच कोरी रजिस्टरं अंगणवाडीत पडून राहिली. वरून निरोप आला, ती वापरू नका. आता कोरा कागद वाया घालवणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी त्यातलं एक घरी आणलं, भंडाऱ्यावर रेघ मारून वर गोंदिया लिहिलं, आणि त्यात गावच्या दंडारीची नोंद सुरू केली.

दंडार हा त्या मुलखातला गावकऱ्यांनीच उभा केलेला खेळ. गाणं, नाच, सोंगं, सगळं घरचं. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे एका दिवसाची जत्रा, भरते, लेकी-जावई पाहुणे येतात, उसाचे ढीग लागतात, आणि दुपारपासून दिवस बुडेपर्यंत दंडार रंगते. येरंडटोल्याची दंडार बिसरामभाऊंची, म्हणजे शामकलाबाईंच्या यजमानांची. धानाच्या बांधीत वर्षभर चार शब्द न बोलणारा हा माणूस ढोलकी गळ्यात आली की वेगळाच व्हायचा. त्यांचे गुरू चुन्नीलालबुवा आदल्या साली गेले आणि त्यांच्यासोबत त्यांची गाणीही गेली. कोणी म्हणे चाळीस, कोणी म्हणे शंभर. किती गेली हेसुद्धा गावाला सांगता येऊ नये, हे बाईंच्या मनाला फार लागलं. वही त्यातून निघाली.

दर मंडईला एक ओळ. कोणतं गाणं झालं, कोण खेळलं, कोणाचं वय किती, नवीन कोण आलं, आणि पाहणारे किती. पाहणारे त्या तीनदा मोजत: सुरुवातीला, मध्यात, शेवटी. बाया हसायच्या. "काय व, आमाले बी वजनकाट्यावर चढवतेस का?" बाई हसण्यावारी नेत आणि मोजत राहत.

२००८ मध्ये दसऱ्याच्या आधी समाजमंदिरात मंडई समितीची बैठक बसली. अध्यक्ष गोपीचंदभाऊ, भला माणूस, पण एकदा मत झालं की खुंटा हलवून बळकट करणारा. त्यांचा मुलगा हिमांशु गोंदियाला शिकलेला. त्याचं म्हणणं, यंदा दंडारीच्या जागी ऑर्केस्ट्रा आणू. "जमाना बदल गया, काका. पब्लिक को कुछ नया मंगता."

बिसरामभाऊ खाली मान घालून बसले होते. मंडई हा दंडारीचा वर्षातला एकच दिवस. तो गेला की तालीम गेली, तालीम गेली की माणसं पांगणार. हे त्यांना कळत होतं, पण भांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सकाळीच त्यांनी ढोलकीच्या दोऱ्या सैल करून ती फडक्यात बांधून ठेवली होती. ते गाठोडं शामकलाबाईंनी पाहिलं. त्यांनी वही पिशवीत टाकली आणि बोलावणं नसताना बैठकीत येऊन बसल्या.

"रिकाम्या खुर्च्यांसमोर कोन नाचन?" गोपीचंदभाऊ सांगत होते. "मागल्या साली अर्ध्यातच मंडप खाली झाला. मी सोता पाह्यलो."

"तुमी पाह्यलं ते खरं हाय, भाऊजी," बाईंनी वही उघडली. "साठ खुर्च्या. सुरवातीले साठ भरल्या, मधात बावीस, शेवटी नऊ."

आपल्याच बाजूचा साक्षीदार आला म्हणून गोपीचंदभाऊ खूश झाले.

"आता खुर्च्यांच्या मांगं चाला. सुरवातीले शहान्नव बोरे. मधात एकशे एकतीस. शेवटी एकशे चाळीस."

गोम अशी होती की मंडपातल्या खुर्च्यांवर बसायचे पुढारी, जावई आणि समितीचे लोक. बाया, म्हातारी माणसं, पोरंसोरं घरून बोरा, म्हणजे धानाचं रिकामं पोतं, आणत आणि मागं जमिनीवर अंथरून बसत. त्यातही बाया उशिरा यायच्या, कारण आधी पाहुण्यांच्या पंगती उठवाव्या लागत. तोवर खुर्चीवाले पानठेल्यावर पोचलेले असत. समिती इतकी वर्षं खुर्च्या मोजत होती आणि गाव मोजलं असं समजून चालली. मान वळवून मागं बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथं तर विकलेलंही कोणी पाहिलं नव्हतं.

"एका बोऱ्यावर चार जन धरले," बाई म्हणाल्या. "कमीच धरले. तुमच्या घरचे दोन बोरे होते, भाऊजी. तुमची माय दिवस बुडेपर्यंत जाग्यावरून हालली नाही. घरी जाऊन इचारा."

हशा पिकला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गोपीचंदभाऊंनी स्वतःच्याच कपाळाला हात लावला. दंडार दुपारी, ऑर्केस्ट्रा मग पाहू, असं ठरलं. बिसरामभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली.

दुसरं कोणी असतं तर इथं वही मिटून घरी गेलं असतं. बाई म्हणाल्या, "थांबा. आखीन एक पान हाय."

"आता कायले व?" बिसरामभाऊ हळूच म्हणाले. त्या पानावर काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"लिहिलं हाय त वाचाच लागन."

आणि त्यांनी वाचलं. पहिल्या साली खेळणारे सतरा, आता अकरा. 'नवीन' हा रकाना नऊ वर्षं कोरा. "सगळ्यात लाहान आपला गुड्डू. गुड्डू आता अडतीसचा हाय."

गुड्डू तिथंच होता. त्यालाही हसू आलं नाही.

"तो काकी, दस साल में अपने आप बंद," हिमांशु म्हणाला. यात टोमणा नव्हता, पोरगा हिशेबाचंच बोलत होता.

"होय बापा. म्हनूनच वाचलं."

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान काढलं. तालमीला बसून बसून कोणाकोणाला झील धरता येते, म्हणजे गाण्यामागचा सूर उचलता येतो, त्यांची ही यादी. चौदा नावं. त्यातल्या अकरा मुली. अंगणवाडीत याच मुलींची वजनं बाईंनी केली होती, आणि आता त्यांना चुन्नीलालबुवांची उरलेली गाणी तोंडपाठ होती. पण दंडारीत बायका उभ्या राहत नसत. बाईचं सोंगही लुगडं नेसून पुरुषच घ्यायचा. बिसरामभाऊंनीही तीस वर्षं हीच रीत पाळलेली. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

त्यांनी बायकोला विचारलं, "ताल सुटत नाही ना त्याह्यचा?"

"नाही. तीन सालाचं लिहिलेलं हाय."

"मंग येऊ दे."

भर सभेत नवऱ्यानं आपल्या वहीवर एवढा भरवसा टाकला, बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि वही पिशवीत घातली.

पुढे २०१२ मध्ये नागपूरहून दंडारीच्या अभ्यासाला आलेली एक मुलगी बाईंच्या ओसरीवर बसून ती वही चाळत होती. "काकू, एवढा डेटा तर आमच्या विभागातही नाही," ती म्हणाली.

"डेटा-बिटा नाही व बाई. हजेरी होय."

चाळता चाळता ती थांबली. सगळी वही शाईची, आणि २००८ च्या ओळीत बोऱ्यांचा आकडा तेवढा पेन्सिलीचा, पुसट: एकशे एकसष्ट.

"तो गोपीचंदभाऊजीनं मोजला," बाई म्हणाल्या. "मी मोजला नाही, मंग शाईनं कसा लिहू?"

"तुम्ही नव्हता का त्या दिवशी?"

"होतो ना. पोरी उभ्या राह्यल्या अन् गर्दी पाहून भेल्या. तोंडातून आवाज निघेना. याह्यनं ढोलकी थांबवली अन् माह्याकडं पाह्यलं. गानी त सगळी मीच वहीत उतरवलेली, तोंडपाठ होती. वही भाऊजीच्या हातात देली अन् मी बी मंचावर चढलो."

मुलीनं त्याच ओळीवरून बोट पुढं सरकवलं. 'नवीन' या रकान्यात नऊ कोऱ्या घरांखाली चार नावं होती, ठळक निळ्या शाईत. ओमेश्वरी, वय तेरा. रुचि, वय बारा. पुष्पांजली, वय तेरा. शामकला, वय सेहेचाळीस.